सटवाईचा पाटा

"मॅडम, तुम्ही स्वतः कधी गाडीचं चाक बदललंय का, की नुसतंच सांगत फिरता?"

खरं तर हा प्रश्न हेमांगीचा नव्हताच. प्रश्न तिच्या मैत्रिणींचा, सादिया आणि ऋतिकाचा, तोंड तेवढं हेमांगीचं. पैज होती एका कचोरीची. शाळेच्या हॉलमध्ये रस्ता सुरक्षेचं व्याख्यान चाललं होतं, अर्धा वर्ग पेंगत होता, आणि सादियाने मागून टोचून म्हटलं होतं, "विचारलंस तर तू खरी. नाहीतर आयुष्यभर भिजलेली मांजर." आता प्रश्न विचारून झाला, हॉल गप्प झाला, आणि मुख्याध्यापकांचा चेहरा कडू कारलं चावल्यासारखा झाला. हेमांगीला वाटलं, आत्ता जमीन फाटावी आणि सादियाला पण सोबत न्यावं.

पण व्याख्यानाला आलेल्या आरटीओच्या निरीक्षक मॅडम हसल्या. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"बदललंय. लग्नाला जाताना, शालू नेसून. चल, आता तू बदल."

आणि खरंच, मुख्याध्यापकांच्या गाडीचं चांगलं चाक हेमांगीने सगळ्या शाळेसमोर काढलं आणि परत बसवलं. पान्यावर पाय देऊन उभी राहिली तेव्हा मुलांनी शिट्ट्या मारल्या. मॅडम शेजारी उभ्या राहून एकेक गोष्ट सांगत होत्या, आणि ती डोक्यात अशी बसत होती जशी आजवर भूमितीची एकही आकृती बसली नव्हती. पुढचं चाक हवेत गेलं की गाडी गियरमध्ये असूनही घसरू शकते, म्हणून मागच्या चाकाला दगड हवाच. काढलेलं चाक बाजूला फेकायचं नाही, दाराखाली आडवं सरकवायचं. "गाडी पडलीच," मॅडम म्हणाल्या, "तर चाकावर पडू दे. तुझ्यावर नको."

त्या दिवसापासून शाळेत तिचं नाव 'स्टेपनी' पडलं. आणि गंमत म्हणजे तिला ते आवडलं. उत्तर येत असूनही हात वर न करणारी हेमांगी आता हात खाली घ्यायलाच तयार नसे. घरीसुद्धा बोलायची. आई प्रमिलाबाई म्हणायची, "या पोरीच्या तोंडाला कोणी झाकण बसवलंच नाही बाई." बाबा, म्हणजे ज्ञानेश्वर चौधरी, सावद्याच्या बागेतून केळीचा चीक लागलेला शर्ट घालून घरी यायचे आणि हाक मारायचे, "कुठीये माझी इंजिनेर?"

फेब्रुवारीत मोठी बहीण ज्योती धुळ्याला बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, मेहरूणच्या घरी व्हायचं ठरलेलं; पण बाळाला घाई होती. मुलगी झाली. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा. त्या पूजेला पाटा-वरवंटा लागतो, कारण पाट्यावर सटवाई मांडायची असते. रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. ज्योतीच्या फ्लॅटमध्ये पाटा कुठला? मिक्सर होता. मिक्सरवर काही सटवाई बसत नाही. म्हणून प्रमिलाबाईंनी सासूबाईंच्या वेळचा, मधे खोलगट झालेला दगडी पाटा धुतला, नव्या खणात गुंडाळला आणि गाडीच्या मागच्या सीटवर लेकरासारखा निजवला. हेमांगीला त्याच्या शेजारी अंग चोरून बसावं लागलं.

डिकीत केळीचे दोन घड होते, डिंकाचे लाडू होते आणि केळीच्या खोडाचा हातभर तुकडा होता. हा तुकडा बाबांच्या गाडीत कायमचा. बागेत चिखलात ट्रॉली रुतली की खोड तोडून चाकाखाली टाकायचं, ही सावद्याची जुनी रीत. बाबा ती डांबरी रस्त्यावरसुद्धा सोबत घेऊन फिरत.

"गाडीचा हँडब्रेक तेवढा दुरुस्त करून घ्या हो," निघताना आई म्हणाली.

"ब्रेक काय पळून चालला? गियरमध्ये टाकली की गाडी उभी. तुझ्या धुळ्याच्या माणसांसारखं नही, एकदा थांबली की थांबली."

"माझ्या धुळ्याची माणसं निदान वेळेवर तरी पोचतात."

पारोळा मागे पडलं आणि पुढचं डावं चाक फटफट करू लागलं. बाबांनी गाडी कडेला घेतली. रस्ता पुढे पुलाकडे उतरत होता. फार नाही, सायकल सोडली तर आपोआप जाईल इतकाच उतार. भर दुपार. शेजारून ट्रक जायचा तेव्हा अख्खी गाडी अंग झटकल्यासारखी हलायची.

"बाबा, उतारावर नको. थोडी पुढे, सपाटीवर घ्या."

"टायर फाटेल सगळा. बस गप."

"मग चाकाला दगड तरी लावू."

"लाव. आण दगड."

हेमांगी उतरली. दोन्हीकडे कपाशी काढलेली काळी रानं. काळ्या जमिनीत ढेकूळ मिळेल, दगड मिळणार नाही. नव्या रस्त्याची कडासुद्धा झाडून ठेवल्यासारखी. ती नाल्यापर्यंत पळत गेली, हाताला आली नुसती मुरमाची खडी. परत आली तेव्हा तिची नजर मागच्या सीटवर गेली.

"आई, पाटा—"

प्रमिलाबाईंनी तिच्या हातावर चापटच मारली. "जिभेला काही हाड? सटवाईचा पाटा तो! संध्याकाळी त्यावर हळदकुंकू वाहायचंय आणि तू चाकाखाली घालते?"

"अगं पण आई, गाडी घसरली तर?"

"असं वंगाळ बोलू नको पाचवीच्या दिवशी!"

"झालं का मायलेकींचं?" बाबांनी डिकीतून खोडाचा तुकडा काढला होता. त्यांनी तो मागच्या चाकापुढे ठेवला, वर लाथ मारून घट्ट बसवला. "घे. भरलेली ट्रॉली उभी राहते याच्यावर. ही तर टिकली आहे टिकली."

"ती चिखलात उभी राहते, बाबा. इथे डांबर आहे. याच्यात सगळं पाणीच तर असतं, हे दबेल."

"मले केळी शिकवते?" बाबा हसले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याच्यापुढे काही चालत नव्हतं. "तुझ्या त्या मॅडमले म्हणावं, एकदा आमच्या बागेत ये."

नट त्यांनी सैल केले, जॅक लावला, गाडी वर चढली. चाक निघालं. बाबांनी ते बाजूला ढकललं; हेमांगीने काही न बोलता उचललं आणि दाराखाली आडवं सरकवून दिलं.

"ते कशाले?"

"असू द्या."

"इंजिनेर!" ते आईकडे बघून म्हणाले. मग स्टेपनी आणायला उठले, उठताना त्यांच्या पायाने नटांची वाटी कलंडली आणि एक नट टणटणत गाडीखाली गेला.

"बाबा, काठीने काढू. आत हात नका घालू. थांबा ना, मी—"

पण ते कुशीवर झोपले होते. हात आत, खांदा आत, मान तिरकी. "आला, आला," ते म्हणत होते. "बोटाले लागला बघ."

तेवढ्यात एक कंटेनर शेजारून गेला. गाडी हलली. मागून चळ्ळ असा आवाज आला, ओला कपडा पिळावा तसा. हेमांगीने वळून बघितलं. खोड दबून चपटं झालं होतं, त्याच्या सालींमधून पाणी वाहत होतं आणि चाक त्या बुळबुळीत लगद्यावर चढलं होतं.

जॅक तिरपा झाला. आणि पडला.

गाडी धाडकन खाली आली.

मग आईचा आवाज आला, आणि तो मेहरूणमध्ये बोलायचा आवाज नव्हता, तो तिच्या माहेरचा, पोरवयातला आवाज होता. "माय वो! दख वं, तुना बाबाले दख! जित्ता शे का?"

बाबा जिवंत होते. हेमांगी रस्त्यावर पालथी पडून आत बघत होती. दाराखालचा पत्रा तिने सरकवलेल्या चाकावर टेकला होता. त्या चाकाने गाडी तोलून धरली होती, पण पुरती नाही. बाबांचा खांदा आणि छातीचा एक कोपरा पत्र्याखाली आवळला होता. चेहरा तिच्याकडे होता. चेहऱ्याचा रंग राखेसारखा.

"हेमा," ते म्हणाले. एवढंच. पुढच्या शब्दाला श्वास पुरला नाही.

"बाबा, बोलू नका. हळू श्वास घ्या. छोटा छोटा. मी आहे."

मी आहे म्हणजे कोण आहे? कचोरीच्या पैजेवर प्रश्न विचारणारी, शिट्ट्यांवर फुशारलेली एक पोरगी. शाळेत शेजारी मॅडम होत्या, मुख्याध्यापकांच्या गाडीचा हँडब्रेक धडधाकट होता, आणि गाडीखाली कोणी नव्हतं.

आई रस्त्याच्या मधोमध धावली होती. पदर हलवत होती, हात जोडत होती. गाड्या हॉर्न मारत बाजूने निघून जात. एका गाडीची काच खाली झाली, आतून मोबाईल बाहेर आला, फोटो निघाला, काच वर गेली. आईने त्या गाडीला खान्देशी शिव्या घातल्या, ज्या हेमांगीने जन्मात कधी तिच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या. मग एकशे आठला फोन लावला. पलीकडून विचारलं, नेमकं ठिकाण सांगा. "रस्तावर शे ना भाऊ! पारोळाना पुढे! माणूस दबाई गया!" आणि फोन हातातून पडला.

पुन्हा एक ट्रक गेला. गाडी पुन्हा थरथरली. बाबांच्या घशातून घुसमटलेला आवाज आला. मागचं चाक लगद्यावरून आणखी पुढे आलं होतं, नखभर. पण ते आणखी हातभर आलं, तर दाराखालचं चाक निसटेल, आणि मग बाबा...

तिने पुढचा विचार केला नाही. आधी गाडी थांबवायची. जॅक नंतर. उचलण्याआधी थांबवायची.

"आई! पाटा!"

प्रमिलाबाई वळल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हेमांगीला वाटलं, आता ही नाही म्हणेल, आणि मग मी काय करू? आईला ढकलू?

आईने दार उघडलं. खण ओरबाडून काढला. तो पाटा एरवी दोन जणींना मिळून उचलावा लागतो. त्या बाईने एकटीने तो छातीशी धरला, वाकली आणि चाकापुढे टेकवला. मग पायाने ढकलून त्याची कड चाकाखाली घट्ट बसवली. हो, पायाने. सटवाईच्या पाट्याला पाय लावून प्रमिलाबाई मोठ्याने म्हणाल्या, "आई, नातीचं कपाळ रात्री लिही. आधी याचं बघ!"

पुढचा ट्रक गेला. गाडी हलली, चाक पाट्यावर दाबलं गेलं, दगड करकरला आणि गाडी जागच्या जागी राहिली.

हेमांगीने पान्याच्या टोकाने आडवा पडलेला जॅक बाहेर ओढला. त्याचा स्क्रू खडीने भरला होता. तिने ओढणीने पुसला, फिरवून बघितला, अडखळत फिरला. उलटा फिरवून अगदी बुटका केला. आता दाराखालच्या पत्र्याला दोन खाचा असतात, त्या दोन खाचांच्या मधेच तो बसायला हवा, इकडे तिकडे झाला तर पत्रा वाकेल आणि गाडी दुसऱ्यांदा बसेल. ती बोटांनी चाचपडत होती. घाम डोळ्यांत जात होता. खाच सापडत नव्हती. एक सापडली, ती गंजाची खोक निघाली.

"हेमा..."

"सापडली, बाबा. सापडतेय. छोटा श्वास."

त्याच वेळी मागे ब्रेक करकचले. एक रिकामी पिकअप थांबली होती. उतरला तो पांढऱ्या दाढीचा, दणकट माणूस. पारोळ्याच्या बाजारात भाजी उतरवून धुळ्याकडे परत निघालेला कादरभाई. धावत आला, बाबांचे पाय बघितले आणि बाह्या सरसावल्या.

"या अल्ला! चला, उचला! अक्का, तुम्ही तिकडून धरा, मी इकडून. एक जोर लावला की गाडी वर!"

त्याचे हात पत्र्याला लागलेसुद्धा.

"हात काढा!" हेमांगी किंचाळली.

कादरभाई चपापला. "अगं बेटा, माणूस मरतोय!"

"माहितेय! माझा बाप आहे तो! गाडी हलवली तर चाक निसटेल आणि परत त्यांच्यावर बसेल. उचलून धरायला आपण कितीसे आहोत? हात सुटला तर?" आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. "तुम्ही त्यांच्या काखेत आणि कमरेला धरा. मी म्हटल्याशिवाय ओढायचं नाही. आई, तू मागे जा, रस्त्यावर लांब उभी राहा, गाड्यांना बाजूने काढ. अंगावर घेऊ नको!"

वयाने आजोबा शोभेल असा तो माणूस एक क्षण तिच्याकडे बघत राहिला. मग मुकाट्याने खाली बसला आणि बाबांच्या कमरेला धरलं. "बोला भाऊ, बिस्मिल्ला बोला, नाहीतर तुमच्या देवाचं नाव घ्या," तो पुटपुटला. "पोरगी जबर आहे तुमची."

खाच सापडली. जॅक बसला. हेमांगीने दांडा फिरवायला घेतला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दांडा फिरतोय, जॅक चढतोय आणि गाडी जिथल्या तिथे. मग जॅक पत्र्याला भिडला आणि दांडा दगडासारखा झाला. तिने सगळं अंग टाकलं. तळव्याची साल निघाली. जरा फिरला. पुन्हा अंग टाकलं. मधेच ती थांबून जॅककडे बघायची, सरळ आहे ना, तिरपा होत नाही ना, मागचा पाटा सुटला नाही ना. आणि हे थांबणं तिला सगळ्यात जड जात होतं, कारण बाबांचा श्वास आता ऐकूच येत नव्हता.

"बाबा? बाबा, बोला ना. मघाशी बोलू नका म्हटलं ते मागे घेते. बोला!"

काही नाही.

"तुमची केळी सगळ्यात भारी, बाबा. खोडसुद्धा भारी. फक्त बोला."

गाडीखालून, खूप आतून, आवाज आला. "डांबरावर... नही भारी."

ती रडायला लागली आणि रडत रडत फिरवत राहिली. पत्रा चाकावरून उठला. बोटभर फट दिसली. कादरभाई अधीर झाला, "ओढू?"

"नाही!"

आणखी फिरवलं. बाबांच्या शर्टाची सुरकुती सुटलेली दिसली. तिने वाकून पत्रा आणि छाती यांच्यामधून आपला हात घालून बघितला. गेला.

"ओढा! सरळ ओढा, वर नका उचलू!"

बाबा बाहेर आले. एक मोठा, खरखरीत श्वास त्यांनी घेतला, पंपाने पहिलं पाणी घ्यावं तसा. मुठीत नट होता. तो त्यांनी सोडलाच नव्हता.

स्टेपनी लावायला कोणी थांबलं नाही. रुग्णवाहिकेची वाट बघायलाही नाही. हेमांगीने जॅक उतरवून गाडी परत त्या चाकावर अलगद टेकवली, दारं लावली, चावी खिशात टाकली. कादरभाईने पिकअपमध्ये भाजीची पोती अंथरली, त्यावर बाबांना निजवलं. आईने वाटेत एकशे आठला परत फोन करून निघाल्याचं कळवलं. आणि पाटा? पाटा तिने सोडला नाही. कादरभाईच्या पिकअपमधला लाकडी ठोकळा चाकापुढे सारला, पाटा दांड्याने ठोकून काढला आणि धुळ्यापर्यंत मांडीवर घेऊन बसली.

दवाखान्यात कळलं, खांद्याचं पुढचं हाड मोडलंय, बरगड्यांना मार आहे, फुप्फुस सुखरूप आहे. डॉक्टर म्हणाले, गाडी पूर्ण खाली बसली असती तर आपण आत्ता बोलत नसतो. बाबांनी हेमांगीकडे बघितलं. या वेळी इंजिनेर म्हटलं नाही.

संध्याकाळी ज्योतीच्या फ्लॅटमध्ये पाचवी मांडली. पाट्याच्या कडेला टायरचा काळा शिक्का उमटला होता. शेजारच्या पुष्पाबाईंनी तो बघून नाक मुरडलं. "हे असं चालतं का तुमच्यात?"

"आमच्यात चालतं," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि त्या शिक्क्यावरच हळदीचं पहिलं बोट टेकवलं.

बाळ झोपलं होतं. बाबा गादीवर टेकून बसले होते, हात गळ्यात. ज्योतीचे मिस्टर चपला घालत म्हणाले, "हेमांगी, चावी दे. मित्राला घेऊन जातो, स्टेपनी टाकून गाडी आणतो. मामा, काही काळजी करू नका."

"दे चावी," बाबा म्हणाले. "जावईबुवांले उशीर होईल. आणि जावईबुवा, उभी करताना गियरमध्ये टाका, तिचा हँडब्रेक जरा..."

वाक्य अर्धवट सोडून त्यांनी आपल्या गळ्यातल्या हाताकडे बघितलं.

हेमांगीने खिशात हात घातला. फोड आलेल्या तळव्याला चावी टोचली. आता मागून टोचायला सादिया नव्हती.

"नाही देणार," ती म्हणाली.

"काय?"

"दाजी, गाडी उचलून न्यायला क्रेन बोलवा, आणि ती सरळ गॅरेजला जाऊ दे. बाबा, आई, मी ठरवलंय. हँडब्रेक दुरुस्त होईपर्यंत आणि डिकीत लाकडाचे दोन ठोकळे येईपर्यंत ही चावी माझ्याकडे राहील. मागा, रागवा, मारा. आपल्या घरातलं कोणी त्या गाडीत बसणार नाही."